तुरुंगातून सुटल्यानंतर : बागकामाचे शिक्षण आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात प्रशिक्षण समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात प्रत्येक समितीने आपल्या कामाचा अहवाल द्यावा अशी आपली प्रथा आहे. आज आम्ही अहवालाऐवजी एक प्रस्ताव मांडणार आहोत. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना बागकामाचे आणि उद्याने उभारण्याचे रीतसर शिक्षण द्यावे, शिकत असताना त्यांना मजुरी द्यावी आणि शिकून झाल्यावर काम मिळवून द्यावे, असा तो प्रस्ताव आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यावर बराच वाद झाला. काही ज्येष्ठ सभासदांनी स्पष्ट विरोध केला. त्यांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे, म्हणून आम्ही आपल्यासमोर उभे आहोत.

आधी आमचीच एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एक तरुण आपल्या विहाराच्या दाराशी आला. चोरीच्या आरोपाखाली तो दोन वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेत होता आणि शेवटी निर्दोष सुटला होता. त्या काळात त्याची आई वारली होती. भावाने घरात घेतले नाही. आम्ही त्याला जेवू घातले, एक चादर दिली, गाडीभाड्याचे पैसे पुढे केले. पैसे त्याने घेतले नाहीत. "काम असेल तर सांगा," एवढेच तो म्हणाला. दोन दिवस तो विहारात राहिला. कोणी न सांगता त्याने अंगणातले गवत काढले, बोधिवृक्षाचे आळे नीट केले. त्याच दिवशी आमच्यापैकी एकाने दानपेटी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. त्याने ते पाहिले असावे. तिसऱ्या दिवशी तो निघून गेला. वर्षभराने तो पुन्हा तुरुंगात असल्याचे कळले, आणि या वेळी गुन्हा खरा होता. त्या दोन दिवसांत आमच्याजवळ त्याला द्यायला चादर होती, पण काम नव्हते. आजचा प्रस्ताव त्या लाजेतून निघाला आहे.

बी-बियाणे, भांडवल आणि वेतन

आपल्यातील काहीजण विचारतात, की गुन्हेगारांचा प्रश्न सरकारचा आहे, धम्मसंस्थेचा त्यात काय संबंध? त्यांनी दीघ निकायातील कूटदन्त सुत्त पाहावे. महाविजित राजाच्या राज्यात लुटारूंचा उपद्रव वाढला होता. राजाला मोठा यज्ञ करायचा होता. त्याच्या पुरोहिताने त्याला सांगितले, की देहदंड, कैद आणि दंड यांनी हा उपद्रव कायमचा मिटणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. त्यापेक्षा शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पोटापुरते वेतन द्या. आपापल्या उद्योगात गुंतलेले लोक राज्याला उपद्रव देणार नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे.

परंतु त्याच निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तही सोबत वाचले पाहिजे. तेथे राजाने निर्धनांकडे दुर्लक्ष केले, दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी जन्मली. पकडलेल्या चोराला राजाने दया येऊन धन दिले. ते ऐकून इतरही चोरी करू लागले. मग घाबरून राजाने शिरच्छेद सुरू केला, तेव्हा लोकांनी शस्त्रे हाती घेतली. म्हणजे नुसती दया चुकली आणि नुसती शिक्षाही चुकली. त्या तरुणापुढे आम्ही गाडीभाड्याचे पैसे केले, ती पहिल्या प्रकारची चूक होती. जे आधी द्यायला हवे होते ते बी-बियाणे, भांडवल आणि वेतन. आमच्या प्रस्तावात याच तीन गोष्टी आहेत.

तुरुंगात कोण आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यांतील सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण तेथे त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा अधिक आहे. वकील आणि जामीनदार ज्याला मिळत नाही तो आत राहतो, आणि असा माणूस कोणत्या वस्तीतला असतो हे या सभागृहाला सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला तुरुंगात सुतारकाम, विणकाम, शेती असे काही काम तरी मिळते. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती नसते, आणि शिकवणेही बहुधा होत नाही. तो वर्ष-दोन वर्षे बसून काढतो आणि रिकाम्या हातांनी बाहेर येतो. दरम्यान त्याची जुनी नोकरी गेलेली असते, भाड्याची खोली गेलेली असते. नवीन ठिकाणी गेला तर चारित्र्याचा दाखला मागतात. शिक्षा भोगलेल्याची आणि निर्दोष सुटलेल्याची वाट येथे एकच होते.

स्वतंत्रपूर ते सॅन फ्रान्सिस्को

कैद्याच्या हाती माती देण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानात, १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने ती उभी केली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्याने शेती करावी आणि कुटुंबासह राहावे, अशी कल्पना होती. त्याच मुलखातील ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रपट सर्वांनी पाहिला, वसाहत मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. येरवडा, पैठण, मोर्शी येथील खुल्या कारागृहांतही बंदी शेतीची कामे करतात.

पण या सर्व ठिकाणी काम आहे ते शिक्षा चालू असताना. शिक्षा संपल्यावर काय? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात सापडते. कॅथरीन स्नीड या तेथील जिल्हा तुरुंगात समुपदेशक होत्या. मूत्रपिंडाच्या गंभीर आजारातून उठल्यावर १९८० च्या दशकात त्यांनी शेरीफ मायकेल हेनेसी यांच्या परवानगीने तुरुंगाच्या पडीक जमिनीवर बंद्यांकडून भाजीपाला पिकवायला सुरुवात केली. माणसे कामात रमली. भाजी गोरगरिबांच्या अन्नछत्रांना जाऊ लागली. तरीही सुटलेली माणसे पुन्हा आत येत होती. सुटकेची वेळ आलेला एखादा बंदी तर मला येथेच राहून बागेत काम करू द्या, अशी विनवणी करी. तुरुंगातून जायला नको वाटावे, इतके बाहेर काहीच नव्हते.

म्हणून १९९२ साली त्यांनी सुटलेल्या लोकांसाठी शहरातच 'गार्डन प्रोजेक्ट' काढला. एका बेकरीच्या मागची टाकाऊ जागा साफ करून तेथे बाग केली. येणाऱ्याला कामाचे पैसे मिळत. भाजी नावाजलेल्या उपाहारगृहांना विकली जाई. पुढे नगरपालिकेने रस्त्याकडेला झाडे लावण्याचे आणि ती जगवण्याचे काम मोबदला देऊन या लोकांवर सोपवले, आणि त्यांनी हजारो झाडे लावली. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगातही तेथील उद्यानविद्या संस्था बंद्यांना बागकाम शिकवते आणि सुटल्यावर शहरातील बागांमध्ये पगारी उमेदवारी देते.

या प्रयोगांवरून आम्ही एवढाच बोध घेतो : तुरुंगातली बाग माणसाचे मन ताळ्यावर आणते, पण त्याला पुन्हा आत जाण्यापासून वाचवायचे तर तुरुंगाबाहेर बाग हवी, आणि शनिवारी हातात पडणारी मजुरी हवी. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर बंद्यांचे विपश्यना शिबिर झाले. ध्यानाने चित्त शांत होते, हे आम्हीही मानतो. परंतु शांत चित्ताच्या माणसालाही संध्याकाळी भाकरी लागते.

पहिला आक्षेप : पुन्हा कुदळ-फावडेच?

आता आक्षेपांकडे वळू. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी बैठकीत विचारले : "बाबासाहेबांनी आपल्याला गावकीची कामे सोडायला सांगितली. आम्ही मुलांना शिकवून कचेरीत पाठवले. तुम्ही आता आपल्याच पोरांच्या हातात पुन्हा कुदळ-फावडे देणार?" हा प्रश्न आम्हाला फार लागला, आणि तो विचारला गेला याचा आनंदही झाला.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. त्यांचा रोख श्रमावर नव्हता. जन्मावरून लादलेले, वेळकाळ नसलेले आणि मोबदला नसल्यासारखे ते श्रम होते, त्यावर रोख होता. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने जाण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तुरुंगात तर ही व्यवस्था त्यानंतरही कितीतरी वर्षे राहिली. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत झाडलोट अमुक जातींनी करावी आणि स्वयंपाक अमुक जातींनी, असे लिहिलेले होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. विद्यार्थी मित्रहो, हा निकाल तुम्ही अवश्य वाचा. संविधानाचे १७ वे आणि २३ वे कलम, म्हणजे अस्पृश्यता आणि वेठबिगारी यांना मनाई करणारी कलमे, तुरुंगाच्या भिंतीच्या आतही लागू आहेत हे त्यात सांगितले आहे.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे. आमच्या वर्गात कोणालाही जातीवरून घेतले जाणार नाही, कोणाला फुकट राबवले जाणार नाही, आणि नुसता खड्डा खणायला शिकवून कोणाला बाहेर पाठवले जाणार नाही. खड्डा खणणारा बिगारी आणि बाग उभी करणारा माळी यांच्या रोजात जो फरक आहे, तो ज्ञानाचा आहे. ते ज्ञान त्यांच्या हाती यावे, यासाठी हा वर्ग.

हे ज्ञान म्हणजे काय, ते थोडे सांगतो. कुंडीची माती कशी करायची : दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. रोप पिशवीतून काढताना मुळांभोवतीचा गोळा फुटू द्यायचा नाही. पावसाळ्यात डाळिंबाच्या किंवा लिंबाच्या फांदीची साल बोटभर रुंदीची गोल काढून, तेथे ओले शेवाळ बांधून, वर प्लास्टिक गुंडाळले की काही आठवड्यांत मुळे फुटतात, याला गुटी कलम म्हणतात. आंब्याचे पाचर कलम आणि गुलाबाचा डोळा भरणे याला हात स्थिर लागतो. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण लावावा. गुलमोहराची फांदी वादळात मोडते, म्हणून तो वाहनतळावर नको.

त्यानंतर हिशेब. हिरवळीचे ठोंब दहा-दहा सेंटिमीटरवर लावायचे, तर एका चौरस मीटरला १०० ठोंब लागतात. वीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद अंगण असेल तर ३०,००० ठोंब. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्ड्याला आठ घनफूट माती. किती बैलगाड्या की किती ट्रॉल्या, किती मजूर, किती दिवस, आणि गृहनिर्माण संस्थेला सांगायची रक्कम किती? हे अंदाजपत्रक ज्याला मांडता आले तो दुसऱ्याकडे रोजंदारीवर राहत नाही. तो स्वतः काम घेतो, दोघांना काम देतो. कृषी विद्यापीठांचे माळी प्रशिक्षण वर्ग आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा पुष्पोत्पादन व उद्यानरचनेचा अभ्यासक्रम यांची दारे ज्यांना उघडतील त्यांना आम्ही तिकडे पाठवू. ज्यांच्याजवळ शाळेचा दाखलाच नाही, त्यांच्यासाठी आपला वर्ग.

दुसरा आक्षेप : भीती

दुसरा आक्षेप महिला मंडळाच्या भगिनींनी मांडला. विहारात मुले-मुली येतात, अशी माणसे येथे कशी आणायची? ही भीती खोटी नाही, आणि तिला तथागतांच्या संघातही जागा मिळाली होती.

अंगुलिमालाची कथा आपण सर्व जाणतो. पसेनदी राजा ज्याला पकडायला घोडदळ घेऊन निघाला होता, तो त्याला तथागतांजवळ चीवर नेसून बसलेला दिसला. राजाने त्याला वंदन केले. पण गावातले लोक ते विसरले नव्हते. भिक्षेला गेलेला अंगुलिमाल डोके फुटून, भिक्षापात्र मोडून परत आला. तथागतांनी त्याला, हे तुझ्या कर्माचे फळ आहे, सहन कर, असे सांगितले. संघातून मात्र काढले नाही. इंग्लंडमध्ये तुरुंगातील बौद्ध बंद्यांसाठी १९८५ साली स्थापन झालेल्या संघटनेने अंगुलिमाल हेच नाव घेतले आहे. येथपर्यंत कथा आपण सांगतो. पुढचा भाग विनयपिटकाच्या महावग्गात आहे. लोक भयभीत झाले, कुरकुर करू लागले, तेव्हा तथागतांनी कुप्रसिद्ध दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम केला. म्हणजे आलेल्या माणसाला त्यांनी टाकले नाही आणि लोकांच्या भीतीचीही उपेक्षा केली नाही. नियम घालून दिला.

आम्हीही नियम ठेवू. प्रत्येक उमेदवाराशी, आणि शक्य असेल तेथे परिवीक्षा अधिकाऱ्याशी बोलूनच प्रवेश दिला जाईल. स्त्रिया व मुलांवरील अत्याचारात दोषी ठरलेल्यांना विहाराच्या आवारात किंवा घरगुती बागांवर पाठवले जाणार नाही. त्यांच्याबाबत निर्णय वेगळा होईल. दारू पिऊन आलेला त्या दिवशी परत जाईल, त्याचा रोज बुडेल, पण दुसऱ्या दिवशी दार उघडे राहील. ज्यांचे नुकसान झाले त्यांचाही विचार हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बंद्यांना कामाचे न्याय्य वेतन द्यावे असे सांगताना, त्यातील काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी ठेवण्याचा विचारही मांडला आहे. आपल्या वर्गातील एखाद्याला तसे करावेसे वाटले, तर आम्ही त्याला साहाय्य करू.

आणखी एक नियम आमच्यासाठी आहे. या माणसांच्या अंगरख्यावर, नावफलकावर किंवा पावतीवर 'सुटलेले बंदी' असा शब्द कोठेही छापला जाणार नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला, पण त्या लोकांच्या पाठीवरचा शिक्का अजून पुसलेला नाही. दुसरा शिक्का आपण तयार करायचा नाही.

आपण काय करायचे?

विहारामागे आपली थोडी पडीक जागा आहे. तेथे रोपवाटिका करावी. मे महिन्यात माती आणि पिशव्या भरणे, जूनपासून रोपे, कलमे आणि हिरवळ, ऑक्टोबरात छाटणी आणि थंडीची फुलझाडे, असा सहा महिन्यांचा वर्ग होईल. पहिल्या दिवसापासून रोज द्यायचा आहे, म्हणून वर्गणी लागेल. ज्यांना पैसे देता येत नाहीत त्यांनी आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या, शाळेच्या किंवा कारखान्याच्या बागेचे एक काम मिळवून द्यावे. ते पैशाहून मोठे दान होईल. काम वाढले की या मंडळींची मजूर सहकारी संस्था नोंदवता येईल, आणि मग त्यांना आपलीही गरज उरणार नाही. तोच दिवस आम्हाला पाहायचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावाचून हे होणार नाही. कोणाचे आधारकार्ड हरवलेले असते, कोणाचे बँकेत खाते नसते, कोणाला मोजपट्टी वाचता येत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तुम्ही या. अर्ज भरा, क्षेत्रफळ शिकवा, झाडांची नावे लिहून द्या. बदल्यात गुटी कलम बांधायला शिकून जा.

पाली भाषेत 'आराम' म्हणजे बाग. जेतवन, वेळुवन, जीवकाचे आम्रवन : तथागतांनी धम्म सांगितला तो बागांमध्ये. ती वने दान देणाऱ्या अनाथपिंडिकाचे आणि बिंबिसाराचे नाव आपण घेतो. रोज पाणी घालून ती झाडे ज्यांनी जगवली त्यांची नावे कोणी नोंदवली नाहीत. आपल्या रोपवाटिकेच्या नोंदवहीत ती असतील, आणि नावापुढे जातही नसेल, गुन्हाही नसेल. किती कलमे बांधली आणि किती रोज मिळाला, एवढेच असेल.

तो तरुण केव्हातरी पुन्हा सुटेल. विहाराची वाट त्याला माहीत आहे. तो आला तर या वेळी त्याला कुदळ, कात्री आणि शनिवारचा पगार देता यावा, एवढ्यासाठी आम्ही आपली संमती मागतो.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.